कोष भट्टीत जाण्याआधी

मंठ्याच्या तृप्तीला कुणी विचारलं, तू जालन्यात करतेस काय, तर ती सरळ सांगायची, "यंत्रात अक्कल भरते." खोटं नव्हतं ते. जुन्या जालन्यात भारतभाऊंच्या वर्कशॉपात रेशीमकोष वाळवायच्या भट्ट्या बनायच्या आणि भट्टीतल्या छोट्या संगणकाचा प्रोग्राम तृप्तीचा असायचा.

आज मात्र त्या अकलेचंच दिवाळं निघालं होतं. मंठ्याच्या शेडमधल्या भट्टीचा बोर्ड जळाला, नवा बसवला, तर त्याच्या नव्या कर्नेलवर, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, तिचा सेन्सरवरून तापमान वाचणारा ड्रायव्हर प्रोग्राम तयारच होईना. पडद्यावर एकच रड, हा टाईप, म्हणजे आकडा किती जागेत ठेवायचा तो साचा, माहीत नाही. बाहेर गावाचे कोष ट्रेमध्ये पसरलेले. संध्याकाळपर्यंत आच लागली नाही तर आतले पतंग कोष फोडून बाहेर येणार, आणि फुटका कोष कोण घेतो?

"टाईप माहीत न्हाई तर तूच सांग की त्याला," जालन्याहून तिच्यासोबत आलेले भारतभाऊ मागे उभे राहून घाई करत होते. "जल्दी कर. एका ओळीचं काम."

तिला पटलं नव्हतं. तरी तिने अंदाजाने व्याख्या लिहिली, जुन्या बोर्डावर चालली असती तशी. ड्रायव्हर बिनतक्रार तयार झाला. तिची आई द्वारकाबाई ट्रे घेऊन पुढे आल्या. "आधी घरचे घालते. लोकायचे मागून."

पडद्यावरचा आकडा चढेना, हीटर मात्र तापतच राहिला. तृप्तीने दाराला हात लावला, चटका बसला, तशी तिने धावत जाऊन बटन बंद केलं. कोष तपकिरी पडले होते. शेजारच्या कचरूने आपले ट्रे गुपचूप मागे ओढले. ते बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊ, आता तुम्ही बोलू नका," ती म्हणाली.

तिने लिहिलेला टाईप जुन्या बोर्डावर चार बाइटांची जागा घ्यायचा, नव्यावर आठांची. सेन्सरचे आकडे भलत्याच जागी वाचले जात होते. दात-ओठ खात तिने कर्नेलच्या हेडर फायली, जिथे असे टाईप लिहून ठेवलेले असतात, एकामागून एक उघडल्या. खरी व्याख्या तिथेच होती. ती फाईल तिने कधी जोडलीच नव्हती. जुन्या कर्नेलमध्ये दुसरीच एक हेडर त्या फाईलला आपसूक सोबत घेऊन यायची, नव्यात ती सोय गेली. फुकट मिळत होतं तोवर विचारतंय कोण! तिने आपली ओळ खोडली आणि ती फाईल सगळ्यात वर जोडली. रिकामी भट्टी चालवली, साधा थर्मामीटर आत ठेवून ताडून पाहिलं. बराबर जुळलं.

तरी कुणी पुढे येईना. द्वारकाबाईंनीच दुसरा ट्रे उचलला.

"घालू का? तू सांग."

तृप्तीने पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा बघितला. "घाल, माय."

ट्रे आत गेला. तृप्ती बटनावर बोट ठेवून उभी.

"मंग हात काढ त्या बटनावरून," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "लोक बघून राह्यलेत."