दोन बोटं पाणी

बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ॲसिड म्हणत. अर्धं नाव धंद्यामुळे पडलं होतं, अर्धं जिभेमुळे. एक तर तो बोलायचाच नाही, आणि बोललाच तर समोरच्याला वाटायचं, गप्प होता तेच बरं होतं. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्याची बहीण अक्का सोळाची. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्न राहून गेलं. पुढे त्यानेही केलं नाही. साठीला टेकला तरी दोघं त्याच घरात, आणि या विषयावर आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

अशा माणसाला माशा खाणाऱ्या झाडांचा नाद लागला, तेव्हा गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. "शोभतंय," म्हणाले लोक.

मागच्या बिनखिडकीच्या खोलीत कपड्यांचं जुनं कपाट होतं. त्याची दारं काढून त्याने प्रत्येक फळीखाली दोन-दोन ट्यूब बसवल्या. सकाळी सहाला टायमरवर पेटायच्या, रात्री आठला विझायच्या. घरात सगळ्यात लख्ख उजेड तिथेच, म्हणून अक्का सुई ओवायला तिथे जायची आणि जाता जाता टोमणा मारायची, "झाडांनी माशा खायच्या, मग माणसांनी काय पाला खायचा?"

पहिलं झाड त्याने विकत आणलं होतं. पान मधोमध दुमडून जबड्यासारखं मिटणारं. त्याला फुलं आली तेव्हा बारीक ब्रशाने या फुलाचे पराग त्या फुलाला लावले आणि टाचणीच्या डोक्याएवढं काळं बी धरलं. चाळीस बिया पेरल्या, अकरा उगवल्या. गंमत म्हणजे ही रोपं पहिल्या पानापासूनच जबडा घेऊन येतात, पण तो इतका इवलासा की त्यात मुंगीचा पायही मावू नये. माशी धरण्याएवढा व्हायला चार वर्षं लागतात. चौथं वर्ष चालू होतं. आपण बियांपासून वाढवलेल्या झाडाने माशी धरलेली बघायची, एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यात धरली होती.

या झाडांना खत चालत नाही, कसदार माती चालत नाही आणि नळाचं पाणी तर मुळीच चालत नाही. त्यातले क्षार त्यांना विष. त्या घराच्या नळाचं पाणी इतकं जड होतं की बादलीवर पांढरा थर चढायचा. पण बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी चालतं, आणि ते कॅनच्या कॅन याच्या दुकानात. त्यातला एक निळा कॅन घरी आणून तो कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी ओतायचा.

मग एक दिवस दुकानातच तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात नेताना स्ट्रेचरवरून तो अक्काला म्हणाला, "निळ्या कॅनमधलं पाणी. ताटलीत दोन बोटं. बाकी हात लावू नकोस." का, ते सांगितलं नाही. एक वाक्य जास्त बोलला असता तर काय जीभ झिजली असती का त्याची? पण नाही.

पंधरा दिवसांत सोडतो म्हणाले होते, त्याचे अडीच महिने झाले. अक्का दिवसाआड डबा घेऊन जायची. तो विचारायचा, "पाणी?" ती म्हणायची, "घालते." संपलं बोलणं.

वॉकर टेकत घरी आला तो सरळ मागच्या खोलीत गेला. ट्यूब पेटलेल्या होत्या. खाली अकराच्या अकरा रोपं काळी पडली होती, विकत आणलेलं झाडही. ताटल्यांच्या कडांना पांढरं काहीतरी चढलं होतं. त्याने एका रोपाचा कंद बोटाने दाबून पाहिला. तो पिचून बोटाला लागला.

मागून अक्का आली. "काळवंडली रे. पण मी एक दिवस चुकवला नाही हं. तुझा कॅन पंधरा दिवसांत संपला. तुला तिथे कशाला घोर लावायचा? तुला लहानपणी विषमज्वर झाला होता तेव्हा द्यायचे ना, तसंच पाणी केलं. निम्मं होईपर्यंत उकळायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, निववायचं. रोज ताजं."

उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. पाणी निम्मं आटलं की ते दुपटीने दाट होतात. जे पाणी पाजून तिने भाऊ वाचवला, तेच पाजून त्याची झाडं मारली होती.

ॲसिडच्या जिभेवर काय काय आलं असेल, ते त्यालाच ठाऊक. तेवढ्यात त्याला तिच्या मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग दिसला.

"झोपलीत ती," तो म्हणाला. "वर्षातून एकदा झोपतात. वरून काळी दिसतात, आत जीव असतो."

"खरंच? मग उठणार कधी?"

"उठतील. आता पाणी मी घालीन."

फ्रिजच्या दारात एका पाकिटात शेवटच्या वीस-पंचवीस बिया होत्या, जुन्या झालेल्या. अक्का औषधं आणायला गेली तेव्हा त्याने एका पायावर उभं राहून कुंड्यांतली माती बदलली, बिया पेरल्या. काळा पाला छाटला, कंद मातीत आहेत, असं तिला सांगितलं. उगवतील याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. अक्का रोज सकाळी चष्मा लावून बघायची. "गाढ झोपलीत मेली." झाडं गेल्याचं दुःख होतंच, पण तिला कळेल ही भीती त्याहून मोठी होती.

पाचव्या आठवड्यात तिने हाक मारली. "अरे, उठली! लवकर ये!"

तीन कुंड्यांत हिरवे ठिपके होते. अक्का वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "पण ही एवढीशी कशी झाली रे? आधी चांगली बोटाएवढी होती."

याचं उत्तर त्याने तयार ठेवलं नव्हतं. तो ताटली पुढे-मागे सरकवू लागला.

"तूही असाच झाला होतास," अक्काच म्हणाली. "तापातून उठलास तेव्हा. एवढासा. सदरा खांद्यावर ठरत नव्हता. मला वाटलं होतं, हा काही आता मोठा होत नाही."

त्याला रडू आलं. त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीवरचा टायमर उगाच तपासला.

"चार वर्षं लागतील, अक्का."

"लागू देत," सत्तरीची अक्का म्हणाली. "तुला का कमी लागली? कॅन कुठाय?"

त्याने कॅन सरकवला. "फक्त यातलंच घालायचं. नळाचं उकळून, गाळून, कसंही चालत नाही. आणि संपलं तर मला सांग. मी कुठेही असलो तरी सांग."

"बरं," ती म्हणाली, आणि ताटलीत दोन बोटं बुडवून पाणी मोजू लागली.