गायकवाडी हद्दीतला तिसरा अंक

माझे वडील नंदुरबारला वकिली करत. वाटण्या, गहाणखतं, बांधाची भांडणं हे त्यांचं रोजचं काम. पण जीव रमायचा तो लेखकांच्या हक्कांच्या कायद्यात. कापसाच्या आणि मिरचीच्या आमच्या गावात तसला दावा त्यांच्याकडे कधीच आला नाही. तरी मुंबईहून कायद्याची मासिकं मागवून ते वाचत आणि जेवताना आम्हाला सांगत.

आम्हाला म्हणजे आईला आणि मला. मी विशीच्या आतली होते, आणि विधवा होते. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा मला संसार म्हणजे काय ते धड कळलंही नव्हतं. वडील स्वतः सासरी येऊन मला घेऊन गेले. माझे केस काढू दिले नाहीत, त्यावरून सख्ख्या चुलत्यांशी कायमचं वाकडं घेतलं. मला इंग्रजी शिकवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून ते वाईट माणूस होते असं वाटेल. तसे ते नव्हते, आणि म्हणूनच मला त्या गोष्टीची जास्त लाज वाटते.

ते सांगत ते मोठं मजेचं असे. पूर्वी एका देशात छापलेलं पुस्तक शेजारच्या देशात कुणीही खुशाल छापून विकायचा. मग युरोपातल्या देशांनी बर्नला बसून करार केला की एका देशाच्या लेखकाला दुसऱ्यानं आपल्याच लेखकासारखं वागवायचं. इंग्लंडानं त्याला धरून आपला कायदा नवा केला, आणि १९१४ साली तोच थोडा फिरवून हिंदुस्थानाला लागू झाला. नुकतीच, १९२८ साली, रोमला पुन्हा बैठक झाली होती. "तिथं काय ठरलं माहीत आहे?" वडील घास हातात धरून म्हणाले. "लेखकानं आपले सगळे हक्क विकून टाकले तरी त्याच्या लिहिण्याची मोडतोड करून त्याची अब्रू घालवता येणार नाही. आपल्या कायद्यात हे अजून आलेलं नाही. पण येईल."

आई म्हणाली, "भात गार होतोय."

गावात वाचनालयाला इमारत हवी होती. जागा एका मारवाडी शेठजींनी देऊ केली होती, आणि बांधकामासाठी हौशी मंडळींनी नाटक करायचं ठरवलं. वडील मंडळाचे अध्यक्ष. नाटकही त्यांनीच निवडलं. लेखक फार नावाजलेले नव्हते, कुठेतरी शाळामास्तर होते. नाटकात एक विधवा बहीण भावाच्या घरी राहते. तिसऱ्या अंकात भाऊ स्वतः दार उघडतो आणि ती आपल्या हातानं कुंकू लावून, ज्याच्याशी लग्न करायला सगळ्यांनी विरोध केलेला असतो त्या मास्तरच्या घरी निघून जाते. वडिलांनी तो अंक आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होते. तो भाऊ म्हणजे वडीलच, असं मला वाटलं होतं.

मंडळाच्या बैठका आमच्याच ओसरीवर होत. शेठजींना नाटकाची गोष्ट कळली तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "वकीलसाहेब, घरच्या बाया बघायला येणार. विधवेचं लगीन आपल्याला नको. बाकी नाटक फार चांगलं आहे." तापीकाठच्या गुजर-पाटील मंडळींनीही तोच सूर धरला. त्यांच्या बैलगाड्या आल्या नाहीत तर तिकिटं कुणाला विकायची? वडिलांनी थोडा वेळ वाद घातला, मग मान्य केलं. शेवट बदलायचं ठरलं.

लेखकाला विचारायला पाहिजेच होतं. वडिलांनी अगदी रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं ते थोडक्यात होतं. नाटक जरूर करा, मला काही देऊ नका, फक्त तिसरा अंक आहे तसा करा. तो बदलणार असाल तर परवानगी नाही.

मला वाटलं, आता वडील शेठजींना सांगतील. पण त्याच संध्याकाळी ते ओसरीवर येरझाऱ्या घालता घालता थांबले आणि हसले. "आपला कायदा ब्रिटिश हद्दीत," ते मंडळींना म्हणाले. "नवापूर स्टेशन सोडलं की बडोद्याची गायकवाडी. तिथला कायदा वेगळा, कोर्ट वेगळं. खेळ तिथंच करायचा. हे गृहस्थ काय दावा लावणार?" मंडळी खूष झाली. हे कितपत बरोबर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मी पाहिला. वर्षानुवर्षं वाचलेलं शेवटी उपयोगी पडल्याचा तो आनंद होता. पॅरिसचं पुस्तक मुंबईत सुरक्षित ठेवणारा कायदा आमच्या दारापासून चार स्टेशनांवर संपतो, ह्याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

नवा शेवट त्यांनीच रचला. माझं अक्षर चांगलं म्हणून नटांच्या भाषणांच्या नकला मी उतरवून देत असे. त्या दुपारी ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी खाली बसून लिहून घेत होते. बहीण आजारी पडते, भावाचे पाय धरते, आपल्या पापाची क्षमा मागते आणि मरते. मध्येच ते अडले.

"इथं 'दुर्दैवी' बरं की 'अभागिनी'?"

"अभागिनी," मी म्हणाले.

"हां. म्हणायलाही सोपं." आणि ते पुढं सांगू लागले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, किंवा पाहिलं असेल तर मी त्यांना फक्त लिहून घेणारी दिसत असेन. मी लिहिलं. टाक बुडवायला दौत जवळ ओढली आणि पुढचं वाक्य उतरवलं.

सुगी आटोपल्यावर खेळ ठरला. पडदे, पेट्या, तबला-पेटी असं सगळं सामान सकाळच्या गाडीत चढवलं. आम्ही बायका वेगळ्या डब्यात होतो. खांडबाऱ्याला आणखी मंडळी चढली, नवापूरला पाटलांच्या घरच्या बायका आल्या. त्यांतल्या काहीजणी गाडीत पहिल्यांदाच बसत होत्या. जत्रेला निघाल्यासारखा सगळा थाट होता. हद्द ओलांडली ती कुणाला कळलीही नाही. दोन्हीकडे सागाची तीच झाडं, तीच वाळलेली पानं.

उतरलो त्या स्टेशनाजवळ शेठजींच्या व्याह्यांचं जिनिंग होतं. त्याच्या कापसाच्या गोदामात रंगमंच बांधला होता. परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून खेळ दुपारीच. पत्र्याच्या फटींतून ऊन आत येत होतं आणि त्यात कापसाचा भुगा उडताना दिसत होता. बायकांसाठी एका बाजूला आडोशाला बांबूच्या तट्ट्या लावल्या होत्या.

माझ्या उजव्या हाताला नवापूरकडच्या एक पाटलीणबाई बसल्या होत्या. डाव्या हाताला एक अनोळखी बाई. चाळिशीच्या असतील, साधं काठाचं लुगडं, हातात फक्त काचेच्या बांगड्या. आमच्या गावच्या नव्हत्या. कुणा रेल्वेबाबूच्या घरच्या असतील असं मी धरून चालले.

पहिल्या अंकात माझ्या लक्षात आलं की त्यांचे ओठ हलताहेत. नट बोलायच्या जरा आधी त्या वाक्य पुटपुटत होत्या. बहिणीचं काम आमच्या पोस्टातले कारकून करत होते. ते एका ठिकाणी अडले तेव्हा ह्या बाईंनी पुढचा शब्द इतका हलकेच उच्चारला की तो मला एकटीलाच ऐकू आला.

मी विचारलं, "तुम्ही हे आधी पाहिलंय?"

"पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरीच लिहिलंय. हे तिकडे बसलेत." त्यांनी तट्ट्यांच्या फटीतून पुरुषांच्या बाजूला बोट दाखवलं. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, काळी टोपी घातलेले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ बसले होते.

उठून बाहेर जावं असं वाटलं, पण दोन्ही बाजूंनी बायका दाटून बसल्या होत्या. वडिलांना निरोप कसा द्यायचा? आणि दिला तरी ते आता काय करणार? दुसरा अंक संपला. टाळ्या पडल्या. त्या बाईंनीही वाजवल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काम चांगलं करतात तुमची माणसं."

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. कारकून खाटेवर पडून कण्हत होते. शेजारच्या बाईंचे ओठ हलायचे थांबले. त्या अगदी ताठ बसल्या. समोर रंगमंचावर भावाचे पाय धरून ते म्हणाले, "मी अभागिनी, माझं पाप पोटात घाल." माझा शब्द होता तो. सबंध गोदामात हुंदके ऐकू येऊ लागले.

"मरी गई का माय ती?" उजवीकडच्या पाटलीणबाईंनी पदरानं डोळे पुसत विचारलं. मी मान हलवली. "सुटनी बिचारी," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला नको होता.

डावीकडच्या बाई समोर बघतच म्हणाल्या, "ती मरत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"वकिलांची मुलगी. अध्यक्षांची."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या कपाळाकडे, मोकळ्या हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. माझी कीव होती, आणि माझ्या वडिलांबद्दल आश्चर्य.

खेळ संपल्यावर ते गृहस्थ पडद्यामागे गेले. तट्ट्या तिथं जवळच होत्या, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. त्यांनी आपली ओळख सांगितली. वडिलांनी कोर्टातला आवाज लावला. "आपलं स्वागत आहे. परंतु हा प्रदेश संस्थानी आहे, हे आपल्या लक्षात आलं असेलच."

"आलं," ते म्हणाले. "कायद्यासाठी भांडायला मी आलो नाही. कुणीतरी जाहिरात पाठवली म्हणून बघायला आलो. एकच मागणं आहे. पुढच्या आठवड्यात इथं दुसरा खेळ आहे म्हणतात. त्याच्या जाहिरातीवरून माझं नाव काढा."

"नाव काढलं तर आम्ही चोर ठरू."

"आणि ठेवलं तर मी खोटा," ते म्हणाले.

शेठजी मध्ये पडले, चहा घ्या म्हणाले. त्या गृहस्थांनी चहा घेतला. कारकुनांना बोलावून त्यांच्या कामाची तारीफ केली. वडील हे सगळं होईपर्यंत हातातली काठी चाचपत उभे होते, असं आमच्या मंडळींपैकी एकानं मला नंतर सांगितलं.

परतीची गाडी सगळ्यांना एकच होती. फलाटावर एकुलतं एक बाक होतं. त्या बाईंनी जरा सरकून मला जागा दिली. त्यांचे यजमान लांब कंदिलाच्या खांबापाशी उभे होते, माझे वडील दुसऱ्या टोकाला. गावची मंडळी दोघांच्या मधे घोळका करून मोठमोठ्यानं बोलत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण कुणाच्या वतीनं मागायची ते कळेना.

"शिकलात किती?" त्यांनी विचारलं.

"घरीच. इंग्रजी तिसरीचं झालंय."

"पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज आहे. तुमच्यासारख्या पुष्कळजणी येतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "वडील पाठवतील?"

मी फलाटाच्या टोकाला उभ्या वडिलांकडे पाहिलं. गाडी आली. त्या पुढच्या डब्यात चढल्या.

दुसरा खेळ झाला नाही. पोस्टातल्या कारकुनांचा घसा बसला असं सगळ्यांना सांगण्यात आलं. घरी त्या विषयावर कुणी बोललं नाही. वडिलांची मासिकं येत राहिली, पण जेवताना ते आता पावसापाण्याचं बोलत. चूक त्यांना कळली होती हे मला दिसत होतं. त्यांनी ती माझ्यासमोर कबूल करू नये, असंही मला वाटत होतं. बापाला मान खाली घातलेला बघणं मला सोसलं नसतं.

महिन्याभरानं मीच म्हणाले, "अण्णा, मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय."

आईच्या हातातली पळी थांबली. मला वाटलं ते विचारतील, हे कुणी सुचवलं. त्यांनी विचारलं नाही. "जा," ते म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की मला वाईट वाटलं. चुलत्यांशी भांडताना त्यांच्या बोलण्यात जो ताठा असे तो त्यात नव्हता. देणं फेडल्यासारखे ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

मी शिकले. पुढं धुळ्याला आणि मग नंदुरबारलाच मुलींच्या शाळेत शिकवलं. त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. लग्न मी केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही, पण ते सांगायची ही जागा नव्हे. वडील १९४५ च्या सुमारास गेले. वाचनालयाची इमारत झाली होती, तिथं त्यांची तसबीर लावायचा ठराव आला तेव्हा सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्यांच्या शिक्षणाबद्दल, त्यांनी माझ्यासाठी घेतलेल्या भांडणांबद्दल बोलले. सगळं खरं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या अंकाचं तेवढं वगळून मी खाली बसले.