मोजणीदाराचा नळ

एकवीस वर्षं मोजणीदार एकच काम करत आला होता. माळावरच्या तपकिरी पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवायची, आणि कोण कोणाच्या पिल्लांना भरवतं ते वहीत लिहायचं. पाऊस बेभरवशाचा झाला की थोरली पिल्लं आईबापांजवळच राहायची, धाकट्यांच्या चोचीत किडे घालायची. पाऊसपाणी नीट झालं की ज्याचा त्याचा संसार. संशोधन केंद्रातल्या बाई यावर देशोदेशी भाषणं देत. मोजणीदार कौतुकाने मान डोलवायचा, आणि घरी सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरून होता. कारण काय, तर मधल्या भिंतीत खिळा कोणी ठोकला!

यंदा पावसाने पार पाठ फिरवली. मोजणीदाराचा नळ कोरडा पडला. विहीर होती दादाच्या बाजूला. झक मारत मधल्या दाराची कडी निघाली, आणि बघता बघता दोन्ही घरांची चूल एक झाली. दादाच्या शेजारी बसलं की मोजणीदाराला दोन घास जास्तच जायचे. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्याच आनंदात त्याने माती खाल्ली. सात नंबरच्या झाडावरच्या पक्ष्यांची दया येऊन तो खाली रोज पाण्याचं भांडं ठेवू लागला. महिन्याभरात थोरल्यांनी धाकट्यांना वाऱ्यावर सोडून वेगळी घरटी बांधली.

बाई हरखल्या. "ऐन दुष्काळात फुटले? अहो, हे तर नवीनच!"

शेवटी त्याने मान खाली घालून भांड्याचं सांगून टाकलं. बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या झाडाचं अख्खं पान खोडलं.

आठवड्याने एका सकाळी त्याच्या घरचा नळ फुसफुसला आणि धो धो वाहू लागला. बायको दादाच्या बाजूला भाकरी थापत होती. मोजणीदाराने उघड्या मधल्या दाराकडे पाहिलं. तो पाना घेऊन अंगणात गेला आणि मुख्य चावी आवळून आला.

"आलं का हो भावोजी, तुमच्याकडे पाणी?" वहिनीने जेवताना विचारलं.

"कसलं येतंय! ठणठणाट आहे."

हात धुवायला दोघं अंगणात गेले, तेव्हा दादा हळूच म्हणाला, "चावी अजून थोडी आवळ. थेंब गळतोय, बायकांच्या लक्षात येईल."