झिलेसाठी सोडलेली जागा

तेरखेड्याच्या आक्का गाताना प्रत्येक ओळीनंतर थांबायच्या. दम चांगला होता बाईचा. मागच्या बायांनी झील ओढावी, ओळ उचलावी, म्हणून त्या वाट बघायच्या. आता धाराशिवातल्या माझ्या एवढ्याशा स्टुडिओत, काचेआड एकट्या उभ्या असलेल्या बाईला झील द्यायला कोण येणार? मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

आक्का फटाक्यांच्या शेडमध्ये कामाला. तिथं दारूजवळ मोबाईल चालत नाही. हात गुंतलेले आणि कान रिकामे. मग आक्काच गाणी रचायच्या, टँकरवरची, मुकादमाच्या मिशीवरची, आणि शेजारच्या कमळ आणि शेवंता झील ओढायच्या. दारूची चंदेरी पूड आक्कांच्या बोटांना कायमची लागलेली. माझा हेडफोन पार रुपेरी झाला होता, कितीही पुसा.

त्यांची गाणी नवरात्रात देवीपुढं गाणारे आराधी मेळे उचलायचे आणि नाव मेळ्याच्या प्रमुखाचं लागायचं. त्याचा त्यांना भयंकर राग. "दादा, एक डाव माझ्या एकटीच्या नावानं निघू द्या. लेकीला सांगता आलं पायजे, ही माझ्या आईची गाणी." सुट्टीला एसटीनं यायच्या, अल्बमचं एक गाणं करून जायच्या. एकदा शेवंता सोबत आली आणि पायरीवरूनच ओरडली, "एकटीचं नाव व्हय गं? आमी काय मेलो का?" आक्का इतक्या हसल्या की त्या दिवशी गाणंच झालं नाही.

"आक्का, ही मधली जागा कापतो. ऐकणाऱ्याला वाटेल मोबाईल अडकला."

"कापू नका. त्यांनी झील कुठं म्हणायची मग?"

"अहो, त्या इथं आहेत कुठं?"

"ऐकतील तवा म्हणतील की!"

मी पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

एकच गाणं राहिलं होतं. दिवाळीच्या तोंडावर शेडमध्ये स्फोट झाला. आक्का पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. कमळ आणि शेवंता आत होत्या.

मला वाटलं, आता या बाई काही येत नाहीत. संक्रांतीनंतर आल्या. शेडचं काम सुटलं होतं. बोटं स्वच्छ होती, आणि मला ती बघवेनात. चहा नको म्हणाल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या आणि राहिलेलं गाणं म्हटलं. सलग, कुठंही न थांबता. इतके महिने मी डोकं फोडून सांगत होतो, अगदी तसं.

"आक्का, जागा नाही सोडली?"

"कुणासाठी?" म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

अल्बम निघाला. वर त्यांचं एकटीचं नाव आहे. आधीच्या गाण्यांतली एकही जागा मी कापली नाही. परवा फोन करून विचारलं, ऐकता का?

"ऐकते की. जागा आली की त्यांची झील म्याच म्हणते," आक्का म्हणाल्या. "शेवटचं गाणं तेवढं लावत न्हाय."