गिरणीवाल्याला पीठ सोसेना

महाळुंग्यात कंपन्या यायच्या आधीपासून इब्राहिम मुलाणीची पिठाची गिरणी होती. आधी गावाची बाजरी, मग भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांचे गहू. तीस वर्षं तो दिवसभर पिठानं पांढराफटक होऊन उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी खोकला लागला. ट्रकांच्या धुरानं असेल, असं तो म्हणायचा. मग छातीत शिट्टी वाजायला लागली, डबा उचलला तरी धाप लागायची. शेवटी त्याची बायको शाहीन त्याला चाकणच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

त्यांनी नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "गिरणी बंद असते तेव्हा कसं वाटतं?"

शाहीनच म्हणाली, "गुरुवारी लाईट नसते, तेव्हा खोकत नाहीत. लग्नाला आठ दिवस पिंपळे गुरवला होतो, तर तीन जिने चढले."

"मग दुखणं पिठाचंच आहे. सगळ्यांना होत नाही, पण तुमच्या श्वासनळ्यांना ती धूळ सोसत नाही. पंप देते. पण धुळीतच उभे राहिलात तर तो किती पुरणार?"

इब्राहिमनं मास्क लावला, भिंतीत पंखा बसवला, झाडू सोडून ओल्या फडक्यानं पुसायला लागला. थोडं बरं वाटलं. गिरणी सोडायचं मात्र त्याच्या तोंडून निघेना. दुसरं काही येतच नव्हतं त्याला.

संक्रांतीच्या आधी गिरणीत बाजरीची रांग लागली. गावातल्या म्हाताऱ्या सुभद्राबाईंचं दळण चालू असतानाच इब्राहिमचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. म्हातारीनं मेन स्विच खाली ओढला, त्याला हाताला धरून बाहेर आणलं, खिशातला पंप काढून दिला.

श्वास जरा मोकळा झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, अर्धं राहिलं तुमचं."

"ऱ्हाऊ दे. भाकरी न्हाई झाली तर भात खाऊ आमी. तू हितं बस."

त्यानं डोळे मिटले. दळण पुरं करायला उठावं, असं पहिल्यांदाच वाटलं नाही.

त्या महिन्यात त्यानं गिरणी विकली. आता तो एका लहानशा कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देतो. दम अजून पुरता गेलेला नाही. यायला उशीर केलात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. शाहीन पीठ चाळायला बसली की तो मुकाट्यानं गॅलरीत जाऊन उभा राहतो.