एक हजार नऊ पणत्या

लग्न होऊन कृष्णाकाठाहून कुंभकोणमला आले, तेव्हा माझी शाळा तिसरीतच सुटलेली होती. पाढे मात्र तिसापर्यंत पाठ. इतक्या दूर ते कुणी विचारील असं वाटलं नव्हतं.

पन्नास-एक्कावन्न साल असेल. गल्लीतल्या विठोबाच्या मठात कार्तिकात हजार आठ पणत्या लागायच्या. मांडायच्या नव्या सुनेनं, आणि सगळ्या ओळी सारख्या. ओळ उणी राहिली तर मांडणारीच्या घरात माणूस उणं होतं, असं म्हणत. त्या साली मी तापानं पडले होते. सासूबाईंनी माझ्यासाठी एक पणती जास्त बोलली होती. म्हणजे हजार नऊ.

छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस ओळी झाल्या आणि एक हातात उरली. ती वगळावी तर माझ्या जिवासाठी केलेला नवस मोडतो, ठेवावी तर ओळ मोडते. फरशीवर खडूनं भाग देत बसले. सातानं एक उरे, तेरानं आठ. एकोणिसाला वाटलं, बसलंच! तर दोन उरले.

शेजारचे म्हातारे गणिताचे मास्तर दर्शनाला आले होते. आकडा बघून म्हणाले, “अदु पहा एण्, अम्मा.”

मी वाकून पाहिलं.

“पहा एण्!”

“पाहतेच आहे की!” मी रडकुंडीला आले.

सासूबाई वाती वळत होत्या, त्या हसत सुटल्या. “अगे, पाहूं नको! तमिळांत पहा एण् म्हणजे वांटून न जाणारा आंकडा.” पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातली त्यांची मराठी माझ्या पणजीच्या वळणाची. मास्तर तमिळमध्ये आणखी काही बोलले, तेही त्यांनी सांगितलं. “एकतिसापर्यंत भागून बघ म्हणतात. पुढें नको.”

मास्तर निघून गेले. पण पुढं का नको? पुढं तर कितीतरी आकडे होते! भीती बाजूला राहिली, मला तेच कुतूहल लागलं. तिसापर्यंतचे राहिलेले सगळे भागून पाहिले, एकही बसेना. एकतिसाचा पाढा येत नव्हता, तो बोटांवर केला. सतरा उरले.

मग पणत्यांकडेच बघता बघता उमगलं. ओळी एकतिसाहून जास्त केल्या, तर एकेका ओळीत एकतिसाहून जास्त पणत्या येणारच नाहीत. तीच मांडणी आडवी धरली की मी आधी तपासलेली!

सासूबाईंना तसं सांगितलं. म्हटलं, “आई, ही संख्या कुणाच्यानंच बसायची नाही. माझी चूक नाही.”

त्यांनी वात खाली ठेवली. “एक वाढविली तर?”

“एकशेएकच्या दहा ओळी. मठाची भिंत पाडावी लागेल.”

“मग किती वाढवूं, तें सांग.”

मी पुन्हा खडू घेतला. “तीन. शेहेचाळीसच्या बावीस ओळी.”

मला वाटलं, आता मोजून बघतील. त्यांनी कुंभाराकडे तीन पणत्यांचा निरोप धाडला आणि उरलेल्या वाती वळायला घेतल्या.