आईच्या पायाचा पट्टा

आई विहाराजवळच्या फुटपाथवर चादर अंथरून पुस्तिका आणि पत्रकं विकते. ती वाचूनच मी मोठा झालो. आपल्या वतीनं दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचं नाही, हे मी तिथेच शिकलो.

सावनेर रोडवर ट्रकखाली आईचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पहिला कृत्रिम पाय पट्ट्याचा होता. गुडघ्याच्या वर चामडी पट्टा, तो बकलानं आवळायचा. चालताना पाय आत वरखाली व्हायचा, मांडीवर वळ उठायचे. त्याची आतली गादी झिजली तेव्हा आम्ही सदर भागातल्या दवाखान्यात गेलो. पाय बसवणाऱ्या बाईंनी नीट समजावलं. हवा ओढून धरणारा पाय घट्ट बसतो, पण गुडघा पुरता वाकू देत नाही, खाली बसणं अवघड. पिनच्या पायात आधी सिलिकॉनचा मोजा चढवायचा, मग त्याच्या टोकाची पिन पायातल्या कुलपात टकटक करत अडकते. तो निसटत नाही, पण उन्हाळ्यात मोज्यात घाम साचतो. काढून पुसावा लागतो. मग त्यांनी आईला विचारलं, दिवसभर काय करता?

उत्तर मी दिलं. पट्टा म्हणजे गरिबाच्या गळ्यात मारलेली वस्तू, चांगलं ते फक्त पैसेवाल्यांनीच का घालायचं, आमच्या माणसांनी अजून किती पिढ्या उरलंसुरलं वापरायचं. आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. पिनचा पाय ठरला.

मे महिन्यात ती लंगडू लागली. सवय होऊन राहिली, म्हणाली. एका दुपारी डबा घेऊन गेलो तर ती विजेच्या खांबाला धरून उभी. घरी आणून मोजा उतरवला. घाम ओघळला, खालची कातडी सोलून निघाली होती.

"पुसला काहून नाही वं आई?"

"कुठं पुसू? रस्त्यावर लुगडं मांडीपर्यंत वर करू?"

पट्टा कसा, बसल्या बसल्या लुगड्याखाली हात घालून सैल करता यायचा, म्हणाली. हे तिनं तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तू बोलून राहिला होता ना गा. लय चांगलं बोलून राहिला होता."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

जखम भरल्यावर आम्ही पुन्हा सदरला गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. दाराआडून आईचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच दोघींचं हसणं. जुन्या पायाला नवी गादी आणि नवा पट्टा लावून ती बाहेर आली. दुकानावर हाच, म्हणाली.

तरी ज्या दिवशी मी सोबत निघणार असतो, त्या दिवशी माझं मन राखायला ती पिनचाच पाय घालते; आतल्या खोलीतून टकटक ऐकू येते. जुनाच घाल, असं ओठांवर येतं. पण तेही पुन्हा माझंच सांगणं. मग मी जादाची एक चादर घेतो, आणि दुपारी फुटपाथवर तिच्यापुढे ती आडोशाला धरून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो, तिचं पुसून होईपर्यंत.